घराखालची गाडी

मोटरहोम घ्यायचं किंवा बांधून घ्यायचं ठरलं की चर्चा आतल्या भागापासून सुरू होते. पलंग आडवा की उभा, ओटा किती लांब, टाकी किती लिटरची, टपावर सोलरची किती पॅनेल मावतील. गाडीचा विषय त्यानंतर येतो आणि इंजिनाची ताकद, ॲव्हरेज आणि ओळखीतून स्वस्तात मिळणारी एखादी जुनी मिनीबस एवढ्यावर मिटतो. हा क्रम उलटा आहे. कपाट चुकलं तर सुतार बोलावून बदलता येतं. खालची गाडी चुकली तर सगळं घरच उतरवावं लागतं, आणि तसं सहसा कुणी करत नाही. चुकलेली निवड दहा-पंधरा वर्षं सोबत राहते. ‘सगळ्यात भरवशाची गाडी कोणती’ हा प्रश्न मग सगळेच विचारतात, पण त्याचं उत्तर एखाद्या कंपनीच्या नावात शोधतात. भरवसा हा गाडीच्या अंगचा गुण आहे असं धरून चाललं की पुढचा सगळा हिशोब बिघडतो. मोटरहोमच्या बाबतीत भरवसा तीन गोष्टी जुळल्या तरच तयार होतो: गाडीवर कायमचं बसणारं वजन, तिच्या वापराची वेगळीच तऱ्हा, आणि ती जिथे बंद पडेल तिथे तिचा सुटा भाग आणि तिला ओळखणारा मेस्त्री मिळणं. यातली तिसरी गोष्ट सर्वांत कमी विचारली जाते आणि माझ्या मते सर्वांत निर्णायक आहे.

एकाच गाडीचा दोन देशांतला इतिहास पाहिला की हे स्पष्ट होतं. रेनो कंपनीची पहिली ट्रॅफिक ही व्हॅन 1980 च्या सुमारास युरोपात आली. पुढच्या चाकांना ड्राइव्ह, त्यामुळे मागे आडवी येणारी शाफ्ट नाही, जमीन खाली, आत उभं राहायला जागा. मोटरहोमसाठी याहून सोयीचं काय असणार, असं अमेरिकेतल्या विनेबागो कंपनीलाही वाटलं. तिने याच ट्रॅफिकवर 1980 च्या दशकात ‘लशारो’ हे छोटं मोटरहोम काढलं. अमेरिकेतल्या अवजड मोटरहोमच्या मानाने ते इंधन फार कमी खायचं आणि दिसायलाही देखणं होतं. पण 1987 मध्ये रेनोने अमेरिकन मोटर्समधला आपला हिस्सा क्रायस्लरला विकला आणि त्या देशातून पाय काढता घेतला. इंजिन तेच, गिअरबॉक्स तोच, गाडी तीच. फक्त भाग मिळण्याचं दुकान बंद झालं. त्यानंतर लशारोची ख्याती ‘सुंदर पण त्रासाची गाडी’ अशी झाली आणि मालकांवर फ्रान्समधून भाग मागवण्याची वेळ आली. आता दुसरी बाजू पाहा. त्याच पहिल्या ट्रॅफिकच्या आराखड्यावरून टाटा मोटर्सने 2007 मध्ये विंगर आणली. तिच्यात टाटांचं स्वतःचं डिझेल इंजिन आलं, भाग देशातच तयार होऊ लागले, आणि शाळेची गाडी, रुग्णवाहिका, कंपनीच्या कामगारांची ने-आण अशा रोजच्या कामांत ती रुळली. युरोपात केव्हाच निवृत्त झालेला आराखडा इथे अजून कमावतो आहे. एकाच सांगाड्याला एका देशात बदनामी आणि दुसऱ्या देशात रोजगार मिळाला, तो केवळ लोखंडाच्या गुणामुळे मिळाला असं म्हणताच येणार नाही.

फोर्स ट्रॅव्हलरची गोष्ट आपल्या आणखी जवळची आहे. हॅम्बुर्गच्या फिडाल उंड झोन या टेम्पो-कारखान्याशी करार करून 1958 मध्ये बजाज टेम्पो उभी राहिली आणि तिची तीनचाकी इतकी पसरली की ‘टेम्पो’ हे कारखान्याचं नाव मराठीत वाहनाचंच नाव होऊन बसलं. त्यामागून मॅटाडोर आली, तिच्यात मर्सिडीझच्या परवान्यावरचं ओएम 616 डिझेल इंजिन बसलं, आणि 1987 मध्ये टेम्पो ट्रॅव्हलर आली. ट्रॅव्हलरचा आराखडा मर्सिडीझच्या टी-1 व्हॅनचा, म्हणजे जर्मनीत 1977 पासून 1995 पर्यंत चाललेल्या आणि नंतर स्प्रिंटरला जागा देऊन गेलेल्या गाडीचा. युरोपात याच टी-1 वर असंख्य मोटरहोम बांधली गेली आणि त्यांतली कित्येक आजही रस्त्यावर आहेत. आजच्या ट्रॅव्हलरमधलं 2.6 लिटरचं कॉमन रेल इंजिन त्याच मर्सिडीझ घराण्यातून वाढत आलेलं आहे. म्हणजे मोटरहोमसाठी वर्षानुवर्षं तपासली गेलेली एक बैठक पुणे जिल्ह्यातल्या कंपनीकडे आयती आहे, आणि त्याहून मोठी गोष्ट अशी की वऱ्हाडाच्या, देवदर्शनाच्या आणि रुग्णवाहिकेच्या रूपाने ती तालुक्या-तालुक्यात पोचलेली आहे. गडहिंग्लज असो, किनवट असो की सावंतवाडी, तिचा क्लच उतरवलेला मेस्त्री तिथे सापडतो. माहितीपत्रकात या गोष्टीला रकाना नसतो.

साठ-सत्तरच्या दशकांत युरोपातून इस्तंबूल, तेहरान, काबूल करत भारतात आणि पुढे गोव्याच्या हणजुण्यापर्यंत पोचणाऱ्या प्रवाशांच्या गाड्यांतही हेच दिसतं. त्यांत फोक्सवॅगनच्या व्हॅन होत्या आणि मर्सिडीझच्या डिझेल गाड्याही. मर्सिडीझवाल्यांना भारतात एक फायदा मिळे: 1954 ते 1969 या काळात टाटांचे ट्रक मर्सिडीझ-बेंझच्या सहकार्याने तयार होत होते, म्हणून हायवेवरच्या मेस्त्रीच्या हाताला त्या घडणीची सवय होती. फोक्सवॅगनचं मागचं हवेने थंड होणारं इंजिन साधं होतं, पण इथल्या गॅरेजला अनोळखी होतं. साधेपणा आणि ओळख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि प्रवासात अडकलेल्या माणसाला दुसरीचा उपयोग आधी होतो. ऑस्ट्रेलियाच्या आणि आफ्रिकेच्या आतल्या भागात टोयोटाच्या लँडक्रूझर 70 मालिकेवर लोक मोटरहोम बांधतात त्यामागे हेच कारण आहे. ती गाडी 1984 पासून फार थोड्या बदलांनिशी चालू आहे आणि खाणकामापासून मदतसंस्थांपर्यंत सगळे तीच वापरतात. पण तिथलं हे उत्तर उचलून महाराष्ट्रात आणणं व्यर्थ आहे. इथल्या तालुक्यात लँडक्रूझरचा व्हील बेअरिंग कोण ठेवतो?

यावर कुणी म्हणेल की युरोपात तर फियाट डुकाटो जिंकली, आणि ती उत्तम आहे म्हणूनच जिंकली असणार. डुकाटो 1981 मध्ये आली आणि आज युरोपातल्या मोटरहोमखाली सर्वांत जास्त आढळणारी गाडी तीच आहे, हे खरं. मात्र ती कधी बिघडत नाही म्हणून तिथवर पोचलेली नाही. 2006 मध्ये आलेल्या तिच्या नव्या पिढीच्या सुरुवातीच्या गाड्या चढावर रिव्हर्स घेताना थरथरत, क्लचवर ताण येई, आणि त्यावरून ब्रिटनमधल्या मोटरहोम मालकांनी मोठा आवाज उठवला होता. तरीही ती टिकली. फियाटने मोटरहोम बांधणाऱ्यांसाठी खास खाली बसणारी चेसिस दिली, तिचा मागच्या चाकांमधला पल्ला रुंद केला, पाठीमागे काहीच नसलेली नुसती पुढची केबिन विकायची तयारी ठेवली, बॉडी कशी आणि कुठे जोडायची याच्या नियमपुस्तिका काढल्या. बांधणाऱ्याला काय हवं आहे हे कंपनीने विचारलं, एवढ्यावर अर्धी बाजी मारली गेली. उरलेली बाजी इटलीपासून नॉर्वेपर्यंत पसरलेल्या दुरुस्तीच्या जाळ्याने मारली. 2021-22 मध्ये सुट्या भागांच्या आणि चिपच्या टंचाईने डुकाटोच्या चेसिस वेळेवर मिळेनात तेव्हा मोटरहोम कंपन्या फोर्ड ट्रान्झिटकडे वळल्या आणि प्रवाशांचं काही अडलं नाही, कारण ट्रान्झिटलाही तसंच जाळं होतं.

आता वजनाकडे येऊ, कारण मेस्त्री कितीही चांगला असला तरी जास्त लादलेली गाडी तो वाचवू शकत नाही. मालवाहू टेम्पो सकाळी भरून जातो आणि संध्याकाळी रिकामा परततो; मिनीबसमधली माणसं उतरतात, पाटे पुन्हा मोकळा श्वास घेतात. मोटरहोमवरचं वजन कधीच उतरत नाही. चौघांच्या साध्या मोटरहोमचा हिशोब मांडून पाहा. प्लायवूडचं फर्निचर, पलंग, जमीन आणि आतलं अस्तर मिळून सव्वादोनशे किलोच्या आसपास. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. इन्व्हर्टरवर लावतात तशा दीडशे अँपिअर-अवरच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या ॲसिडसह शंभराच्या पुढे. घरगुती गॅसचा भरलेला सिलिंडर तीस किलोच्या जवळ. फ्रीज, एसी, इन्व्हर्टर आणि पॅनेल मिळून आणखी शंभर. चार माणसं पावणेतीनशे-तीनशे. धान्य, कपडे, हत्यारं, सायकल, तंबू असं करत दीडशे. बेरीज एक टन होते, आणि यात हौसेची एकही वस्तू धरलेली नाही. बारा-तेरा प्रवाशांच्या ट्रॅव्हलरमधून खुर्च्या काढल्या तर प्रवासी आणि खुर्च्या मिळून जवळपास तेवढंच वजन कमी होतं. म्हणजे ती गाडी हे घर पेलते, पण हातात काही शिल्लक राहत नाही, आणि जी गाडी आरामात पेलायला हवी ती मर्यादेवर चालते. म्हणून कंपनीने दिलेल्या एकूण वजनाच्या मर्यादेच्या निदान दहा-पंधरा टक्के आत राहणारं घर बांधावं, किंवा मग एक पायरी वरची गाडी घ्यावी. ट्युब्युलरऐवजी लिथियम फॉस्फेटची बॅटरी घेतली तर तेवढीच वापरता येणारी वीज चौथ्या हिश्श्याच्या आसपास वजनात मिळते; ती महाग पडते, पण वाचलेले पाऊणशे किलो पाट्यांच्या आणि टायरच्या आयुष्यात परत मिळतात.

वजन किती याबरोबर ते कुठे, हाही प्रश्न आहे, आणि इथे बहुतेक बांधणारे चुकतात. पाण्याची टाकी, जनरेटर, सायकलींचा स्टँड हे सगळं मागे, मागच्या ॲक्सलच्याही पलीकडे ढकललं जातं, कारण तिथे जागा असते. ट्रॅव्हलरच्या नावातला 4020 हा आकडा तिच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये सांगतो. अशा गाडीत मागच्या ॲक्सलच्या एक मीटर मागे दोनशे किलो ठेवले तर तरफेच्या नियमाने मागच्या ॲक्सलवर सुमारे अडीचशे किलो पडतात आणि पुढचा ॲक्सल पन्नास किलोंनी हलका होतो. ट्रॅव्हलरचा ड्राइव्ह मागच्या चाकांना आहे, त्यामुळे चढावर तिची पकड टिकते, पण स्टिअरिंग हलकं पडतं. विंगरचा ड्राइव्ह पुढच्या चाकांना. तिचं पुढचं तोंड हलकं झालं की ओल्या चढावर चाक फिरायला लागतं. पावसाळ्यातल्या कोकणात, मातीच्या वळणावर, हा फरक किरकोळ राहत नाही. विंगरची जमीन खाली आहे, वाऱ्यात ती कमी डुलते, आत चढणं वयस्कर माणसाला सोपं जातं. या सगळ्या खऱ्या जमेच्या बाजू आहेत, आणि मुख्यतः डांबरी रस्त्यावर, दोघांनी, हलकं घर घेऊन फिरायचं असेल तर मी तिच्या बाजूने बोलेन. चार माणसं, जड घर आणि घाटांचा प्रदेश असेल तर मागच्या ड्राइव्हची, मागे जोडचाकांची लांब ट्रॅव्हलर योग्य.

घाटाचं बोलताना चढापेक्षा उताराचा विचार अधिक करायला हवा, आणि तो क्वचितच होतो. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना गाडी बाराशे मीटरहून अधिक खाली येते. साडेतीन टनांची गाडी एवढी खाली आली की तिच्यातून सुमारे चार कोटी ज्यूल ऊर्जा बाहेर पडते. ती सगळी ब्रेकच्या लायनरमध्ये गेली तर दीडेकशे लिटर पाणी उकळण्याइतकी उष्णता तयार होईल. ती उष्णता इंजिनाच्या ब्रेकिंगमध्ये, म्हणजे खालच्या गिअरमध्ये जिरवावी लागते. यासाठी गाडीत कमी वेगाला जोर देणारं डिझेल इंजिन, योग्य गिअर आणि वजनाच्या मानाने मोठे ब्रेक लागतात. म्हणूनच मूळच्या हलक्या गाडीवर अवजड घर चढवून वर ‘इंजिन ओढतं की’ असं समाधान मानणं धोक्याचं आहे. इंजिन ओढेल, थांबवणार कोण? इंजिनाची ताकद वाढवून घेता येते, टर्बोची ट्यूनिंग करून देणारे भेटतात, पण ब्रेकचा आकार, ॲक्सलची मर्यादा आणि चाकाचे बोल्ट तेच राहतात. गाडीची निवड करताना माहितीपत्रकातला अश्वशक्तीचा आकडा मी सर्वांत शेवटी वाचीन.

वापराची तऱ्हा ही उरलेली कसोटी, आणि ती गाडीच्या सर्वसाधारण परीक्षणांत येतच नाही. टॅक्सी दिवसाला दोन-तीनशे किलोमीटर चालते आणि चालत राहिल्यानेच निरोगी राहते. खासगी मोटरहोम वर्षातले कित्येक महिने सोसायटीच्या मागे उभं असतं. उभ्या गाडीचे टायर एकाच जागी दबतात, डिस्क गंजतात, टाकीत पाणी साचतं, उंदीर वायरिंग कुरतडतात आणि रबराचे पाइप कोरडे पडतात. म्हणून मोटरहोमच्या टायरवर झीज दिसत नसली तरी ते वयाने बाद होतात. टायरच्या बाजूवर उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगणारे चार अंक असतात, ते वाचायची सवय लावून घ्यावी. युरोपात कायम भारानिशी उभ्या राहणाऱ्या गाड्यांसाठी ‘सीपी’ खुणेचे कॅम्पिंग टायर वेगळे मिळतात. आपल्याकडे ती सोय नाही, म्हणून जास्त भार सोसणारा व्यापारी वाहनांचा टायर घेणं आणि भारानुसार हवा ठेवणं एवढाच उपाय उरतो.

बीएस-6 नंतर या तऱ्हेत एक नवी गुंतागुंत आली. 1 एप्रिल 2020 पासून नव्या डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारे फिल्टर आणि नायट्रोजनचे ऑक्साइड कमी करणाऱ्या यंत्रणा आल्या. अनेक गाड्यांना त्यासाठी डीईएफ, म्हणजे लोकांच्या बोलण्यातला ‘युरिया’, भरावा लागतो. काजळीचा फिल्टर स्वतःला साफ करतो, पण त्यासाठी गाडी काही वेळ सलग वेगात पळावी लागते. मोटरहोम गावातल्या गावात हलवलं, एसीसाठी तासन्‌तास इंजिन चालू ठेवलं, तर फिल्टर भरतो आणि गाडी ताकद काढून घेते. एसीसाठी इंजिन चालू ठेवून झोपणं तर कोणत्याच गाडीत करू नये, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न देता जीव घेतो. युरिया उणे 11 अंशांच्या आसपास गोठतो, त्यामुळे लडाख-स्पितीचा हिवाळा डोळ्यांपुढे ठेवणाऱ्याने घेतलेल्या गाडीत त्यासाठी तापवणारी यंत्रणा आहे का हे विचारायला हवं. नेपाळपुढे, मध्य आशियाकडे जायचं असेल तर कमी गंधकाचं डिझेल सगळीकडे मिळेलच असं धरता येत नाही, आणि तिथे नव्या यंत्रणांची खरी परीक्षा होते.

हे वाचून ‘मग जुनी, इलेक्ट्रॉनिक्स नसलेली गाडीच घ्यावी’ असा निष्कर्ष काढणारे अनेक आहेत, आणि त्यांचं म्हणणं बिनबुडाचं नाही. यांत्रिक पंपाची जुनी मॅटाडोर किंवा ट्रॅव्हलर कुठल्याही गावात सुरू होते, तिला सेन्सर नाही, लॅपटॉप लागत नाही. पण हा युक्तिवाद एक गोष्ट विसरतो: साधी गाडी आणि झिजलेली गाडी बाजारात एकत्रच विकली जाते. वीस वर्षांच्या मिनीबसचं इंजिन बांधून मिळतं, पण तिच्या चेसिसला लागलेला गंज, खाल्लेले बुश, मागच्या ॲक्सलची थकलेली हाउसिंग हे सगळं घर बांधल्यावर दिसतं. शिवाय कायद्याचं घड्याळ चालू असतं. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनी पुन्हा करून घ्यावी लागते, दिल्ली परिसरात 10 वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवरच्या बंदीचा प्रश्न 2015 पासून न्यायालयांत आणि रस्त्यावर गाजतो आहे, आणि हे धोरण पुढे सैल होण्यापेक्षा घट्ट होण्याची शक्यता अधिक. एबीएससारखी सुरक्षाही जुन्या गाडीत नसते. दुसरं असं की इलेक्ट्रॉनिक बिघाड काढणं ही आता फक्त शहरातल्या शोरूमची मक्तेदारी राहिलेली नाही. दोष वाचणारं यंत्र तालुक्याच्या गॅरेजांतही पोचलं आहे, विशेषतः ज्या गाड्या तिथे रोज येतात त्यांच्यासाठी. शेवटी मुद्दा पुन्हा तोच येतो. चार-पाच वर्षांची, एकाच मालकाची, भरपूर खपलेल्या मॉडेलची बीएस-6 ट्रॅव्हलर मला वीस वर्षांच्या साध्या गाडीहून जास्त भरवशाची वाटते.

हिमालयाची ओढ असलेले फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपकडे पाहतात, इसुझूच्या व्ही-क्रॉससारख्या. तिचं इंजिन आणि तिची खडबडीत रस्त्यावरची चाल खरोखर वाखाणण्यासारखी आहे. मात्र दोन ओळींच्या केबिनच्या अशा शौकिया पिकअपची भार वाहण्याची क्षमता व्यापारी पिकअपपेक्षा फार कमी असते, आणि मागे झोपायची पेटी, टाकी, बॅटरी चढवली की ती आधी संपते. दोघांनी, हलक्या तंबूवजा पेटीत, रस्ता संपल्यावरही पुढे जायचं असेल तर ती घ्यावी. घर हवं असेल तर घेऊ नये. उलट टोकाला मोठा ट्रक आहे. केरळच्या कॅराव्हॅन पर्यटनासाठी 2021 मध्ये भारतबेंझच्या बसच्या चेसिसवर मोटरहोम आलं, आणि भाड्याने चालवणाऱ्या व्यवसायाला ते शोभतं. खासगी माणसाला मात्र घाटातल्या वळणांवर, गावातल्या गल्लीत आणि रेल्वेच्या खालच्या पुलाशी त्याची रुंदी-उंची रोज भोवते. फोर्सची नवी अर्बानिया ही 2022 नंतरची, 3350 ते 4400 मिलिमीटर व्हीलबेसमध्ये मिळणारी व्हॅन या दोन्हींच्या मधे बसते आणि आतून आजच्या युरोपीय व्हॅनच्या जवळ जाते. तिच्यात मला भविष्य दिसतं, पण तिचं मेस्त्रींचं जाळं अजून भरायचं आहे. दोन-तीन वर्षं थांबायची तयारी असेल तर थांबावं. इलेक्ट्रिक व्हॅनवर मोटरहोम हा विषय आज आपल्या अंतरांसाठी आणि चार्जिंगच्या सोयींसाठी लवकरचा आहे.

कायद्याची बाजू गाडी घेतल्यावर पाहू, असं म्हणणाऱ्यांचं बरंच नुकसान होतं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आरसीवरच्या तपशिलांना धक्का देणारे बदल करायला मनाई करतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये हे कलम कसून लागू केलं. म्हणजे प्रवासी म्हणून पास झालेली मिनीबस घेऊन आत गुपचूप घर बांधणं म्हणजे अपघातानंतर विम्याच्या दाव्यात आपणच आपल्या विरोधात उभं राहणं. त्याचवेळी कायद्यात मोटरहोमला जागाही आहे: खासगी वापराची कॅम्पर व्हॅन हा नोंदणीचा प्रकार 2004 पासून बिगरवाहतूक वाहनांच्या यादीत आहे, आणि ‘मोटर कॅराव्हॅन’साठी एआयएस-124 हे वेगळं प्रमाण आहे. म्हणून जी गाडी कॅराव्हॅन म्हणून मंजूर होऊ शकते आणि जिच्यावर मान्यताप्राप्त बॉडीबिल्डर काम करतो तीच घ्यावी. पासिंगचा रस्ता आधी आरटीओत विचारावा, मगच पैसे द्यावेत. हलक्या वाहनाचा परवाना 7500 किलोंपर्यंतच्या वाहनाला चालतो, हा वाद सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये मिटवला आहे. ट्रॅव्हलर आणि विंगर त्याच्या खूप आत बसतात.

राहता राहिली प्रत्यक्ष कृती. गाडी पक्की झाली की रिकामी असतानाच ती जवळच्या वजनकाट्यावर न्यावी, आधी पूर्ण, मग फक्त पुढची चाकं, मग फक्त मागची, अशा तीन पावत्या घ्याव्यात. त्या पावत्या आणि कंपनीने दिलेली प्रत्येक ॲक्सलची मर्यादा समोर ठेवून मगच सुताराला बोलवावं. बांधकाम अर्ध्यावर असताना पुन्हा काटा करावा. त्या वेळी टाकी पुढे सरकवणं हजारांत होतं, शेवटी लाखांत. अडचण अशी की भारतीय कंपन्या ॲक्सलनिहाय मर्यादा, चेसिसला छिद्र कुठे चालतं, बॉडी कुठे जोडावी ही माहिती सामान्य खरेदीदाराला सहज देत नाहीत. महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं, वाहनांची चाचणी घेणारी एआरएआय पुण्यात आहे, ट्रॅव्हलर पुण्याच्या कंपनीची आहे. फियाट आणि मर्सिडीझ देतात तशी बॉडी बांधणाऱ्यांसाठीची नियमपुस्तिका, मराठी आणि हिंदीत, खुलेपणाने छापणं आणि मागचा भाग नसलेली केबिन-चेसिस एकट्या ग्राहकालाही विकणं, एवढं फोर्स आणि टाटा यांनी करायला हवं.